घरच्या घरीं फॅरेडेची तबकडी

विजेचें जनित्र म्हटलें कीं तारांचीं वेटोळीं, लोखंडी गाभे आणि एकंदर मोठा गुंतागुंतीचा पसारा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आज ज्या जनित्राविषयीं मी बोलणार आहें, त्यांत तारेचें एकहि वेटोळें नाहीं. तांब्याची एक वाटोळी तबकडी, ती फिरविण्यासाठीं आंस, शेजारीं एक लोहचुंबक, आणि आंसाला व कडेला टेकणारे दोन ब्रश, संपलें यंत्र! इंग्रजींत याला होमोपोलर जनरेटर म्हणतात. आपण एकध्रुवी जनित्र म्हणूं. कारण तबकडीचा पृष्ठभाग सदैव एकाच ध्रुवासमोर असतो, आणि म्हणूनच त्यांतून निघणारी वीज दिशा न बदलतां एकसारखी वाहते. असल्या तबकड्या फिरविण्यांत मीं हौसेनें दोन वर्षें घालविलीं. त्यांतील एका रात्रीं आपणांस फुकटची वीज सांपडली अशी माझी पक्की खात्री झाली होती. ती खात्री कशी झाली आणि कशी गेली, तें आज सांगावयाचें आहे.

या तबकडीचे जनक मायकेल फॅरेडे. वुलिच येथें क्रिस्टी यांच्या घरीं रॉयल सोसायटीचा एक प्रचंड चुंबक ठेविलेला होता. सुमारें ४५० पोलादी पट्ट्या एकत्र बांधून तो केलेला होता. २८ ऑक्टोबर १८३१ रोजीं फॅरेडे यांनीं त्याच्या ध्रुवांमध्यें बारा इंच व्यासाची तांब्याची तबकडी फिरविली. आंसाला व कडेला तारा टेकवितांच गॅल्व्हनोमीटरची सुई वळली, आणि तबकडी फिरत होती तोंवर वळलेलीच राहिली. चुंबक आणि गति यांच्यापासून अखंड वाहणारी वीज मनुष्याला प्रथमच मिळाली ती अशी.

माझी सामग्री याहून पुष्कळच गरीब. तबकडी सहा सेंटिमीटर त्रिज्येची, पुण्याच्या तांबट आळींतून कापून आणलेली. चुंबक मोडक्या लाउडस्पीकरांतून काढलेले दोन, तबकडीच्या दोन्ही अंगांस एकेक. फिरविण्यास हातांत धरावयाचें विजेचें ड्रिल. मिनिटास दीड हजार फेरे दिले असतां माझ्या यंत्रानें २४ मिलिव्होल्ट दाब दिला. टॉर्चचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो. म्हणजे त्याची बरोबरी करण्यास अशा साठाहून अधिक तबकड्या एकीपुढें एक जोडाव्या लागतील. दाब कमी, पण तांब्याचा अंगचा रोध जवळजवळ नाहींच; तेव्हां प्रवाह भरपूर मिळावा अशी अपेक्षा. तो मिळत नाहीं, आणि याचें कारण ब्रश. प्रथम मीं ड्रिलचेच जादा कोळशाचे ब्रश लाविले. कोळसा आणि तांबें यांच्या सांध्यांतच तो इवलासा दाब खर्ची पडे, आणि मीटरला दाखविण्यासारखें कांहीं उरत नसे. तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी टेकविली तेव्हां कोठें दोन अँपिअरांपर्यंत मजल गेली. फॅरेडे यांनीं सांधा चांगला बसावा म्हणून कडेला पारा चोळला होता. पण पाऱ्याची वाफ विषारी असते, आणि घरांत मुलेंबाळें असतांना त्या वाटेला कोणीं जाऊं नये.

या यंत्रांतील खरी मौज पुढेंच आहे. चुंबक स्थिर ठेवून तबकडी फिरविली तर वीज मिळते. तबकडी स्थिर ठेवून चुंबक फिरविला तर कांहींहि मिळत नाहीं. आणि दोघांना एकमेकांस चिकटवून बरोबरच फिरविलें तर पुन्हां पहिल्याइतकीच वीज! हें फॅरेडे यांनाहि आढळलें होतें. चुंबक वाटोळा असला म्हणजे तो स्वतःभोंवतीं फिरला काय किंवा न फिरला काय, त्याचें क्षेत्र बदलत नाहीं. महत्त्व आहे तें तबकडी आणि ब्रशांना जोडलेली बाहेरची तार यांच्यांतील सापेक्ष गतीला. पडताळा म्हणून मीं सर्वांत मोठा आंकडा धरून ठेवणारा एक लहानसा मीटर तबकडीवरच बांधला, तारांसकट फिरविला, आणि थांबवून पाहिला. शून्य!

आतां ती रात्र. चुंबक तबकडीला चिकटविलेले होते. ड्रिल किती वीज खातें तें दाखविणारा मीटर भिंतीजवळ लाविला होता. तो २४० वॅट दाखवी. तबकडीचें मंडल मोकळें असतांना २४०, आणि मंडल जोडून दोन अँपिअर घेतले तरीहि २४०! माझें काळीज धडधडूं लागलें. साध्या जनित्रांत विजेची मागणी वाढली कीं फिरविणें जड होतें. येथें तर जडपणाचा मागमूस नाहीं. चुंबकच तबकडीबरोबर फिरतो आहे, मग विरोध करणार तरी कोण? अमेरिकेंत ब्रूस डी पाल्मा यांनीं अशाच यंत्राच्या आधारें, घातली त्याहून अधिक शक्ति बाहेर येते असा दावा केला होता, तोहि मला आठवला. मध्यरात्र उलटली होती. तरी मीं थोरल्या बंधूंना उठविलें. ते पेशानें हिशेबनीस. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "अरे, खर्च दोनशें चाळीस, मिळकत किती?"

मीं गुणाकार केला. २४ मिलिव्होल्ट गुणिले दोन अँपिअर, म्हणजे ४८ मिलिवॅट.

"म्हणजे दोनशें चाळीस रुपयांच्या वहींत पांच पैसे. तुझी वही तर रुपयाखालचें कांहीं लिहीतच नाहीं. मग पांच पैसे कोणाच्या खिशांतून गेले हें तुला कळणार कसें?" एवढें बोलून दादा पुन्हां निजले. मला मात्र झोंप आली नाहीं.

विरोध इतका लहान असेल तर तो मोठा करून मोजला पाहिजे. ड्रिल काढून टाकलें. त्याच आंसावर तीन सेंटिमीटर त्रिज्येचें लांकडी रीळ बसवून त्याभोंवतीं दोरा गुंडाळला, व दोऱ्याला पारडें बांधलें. मोटारीच्या बॅटरींतून, पुढच्या दिव्यांचे चार बल्ब मध्यें घालून, तबकडींत सुमारें १८ अँपिअर सोडले. तबकडी हळूहळू फिरती राहण्यास पारड्यांत किती वजन लागतें तें पाहिलें. मग प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हां पाहिलें. दोन्ही वजनांची वजाबाकी केली कीं ब्रशांचें घर्षण आपोआप गळून पडतें. विजेला फुकट कांहीं मिळत नसेल, तर २४ मिलिव्होल्टांच्या आधारें ही वजाबाकी साडेअठरा ग्रॅमांच्या आसपास यावयास हवी होती. खरोखरच फुकट मिळत असेल, तर शून्य. दहा वेळां वजन केलें. सतरा ते एकोणीस ग्रॅम!

चुंबक तबकडीबरोबर फिरत असूनहि विरोध होताच. त्याचा प्रतिधक्का बाहेरच्या स्थिर तारेला बसत होता. दोन अँपिअरांना हाच विरोध रिळावर जेमतेम एक ग्रॅम पडतो. ड्रिलला एक ग्रॅम काय कळणार? खरें सांगतों, त्या पहांटे मला वाईट वाटलें. दोन-तीन दिवस मीं यंत्राला हातहि लाविला नाहीं.

परंतु तबकडीचा खरा गुण निराळाच आहे, तो म्हणजे क्षणमात्र प्रचंड प्रवाह देणें. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींत मार्क ऑलिफंट यांच्या पुढाकारानें बांधलेलें एकध्रुवी जनित्र १९६२ पासून १९८५ पर्यंत चाललें. फिरत्या चाकांत ५० कोटी जूल शक्ति सांठवून तें वीस लाख अँपिअरांपर्यंत प्रवाह देऊं शके. आणि तेथेंहि अभियंत्यांना सर्वांत अधिक झुंजविलें तें ब्रशांनींच; आरंभीं तर सोडियम-पोटॅशियमच्या द्रवरूप मिश्रधातूच्या धारा सोडून सांधा साधण्याचा यत्न झाला होता.

माझें लक्ष सध्यां तेथेंच आहे. कडेला एकाऐवजीं आठ पट्ट्या टेकवून पाहिल्या. प्रवाह नऊ अँपिअरांवर गेला, घर्षणहि वाढलें. येत्या महिन्यांत चांदीमिश्रित ग्राफाइटचे ब्रश यावयाचे आहेत. त्यांची किंमत दादांनीं वहींत लिहून ठेविली आहे, आणि समोरची बाजू अद्याप कोरी आहे.