पावसाचा अंदाज आणि बदलते शास्त्र

मृग तोंडावर आला की अकोटकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न असतो : धूळपेरणी करावी की थांबावे? पाऊस हुकला तर सरकी मातीत जाते, आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. म्हणून पुण्याच्या वेधशाळेचा अंदाज आपण कान देऊन ऐकतो.

या अंदाजाची गणिती बैठक गिल्बर्ट वॉकर यांनी घातली. 1904 साली ते हवामान खात्याचे प्रमुख झाले, मूळचे गणिती. दूरदूरच्या ठिकाणचे हवेचे दाब आणि आपला पाऊस यांचे आकडे त्यांनी शेजारी मांडले, आणि त्यांत नाते दिसले. ते नाते का, हे मात्र उमगेना. 1969 मध्ये बियर्क्नेस यांनी त्याचा संबंध पॅसिफिक महासागराच्या तापण्याशी जोडला. हाच आपण ऐकतो तो एल निनो. तो आला की पाऊस कमी, असा ठोकताळा बसला.

मग 1997 साली शतकातला मोठा एल निनो आला. आणि देशात पाऊस पडला सरासरीच्या 102 टक्के! आता वॉकरसाहेबांची वही फाडायची का? मुळीच नाही. पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस सिद्धांत बदलला म्हणून बदलत नाही. त्याचा अर्थ बदलतो. ठोकताळ्याचे वजन थोडे घटले, एवढेच. 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतील तापमानाचा फरक पुढे मांडला. 1997 साली तो आपल्याला अनुकूल होता. पण जे साल पाहून कल्पना सुचली, त्याच सालावर ती पारखणे म्हणजे प्रश्न आधी फोडून परीक्षा घेणे. गुरुजींना हे अधिक सांगायला नको.

2002 चा धडा याहून कडू. 1988 पासून 16 लक्षणांवरून अंदाज निघत असे. 2001 पर्यंत देशव्यापी दुष्काळ पडलाच नाही, म्हणून रीत पक्की वाटली. अहो, दरवर्षी नुसते "पाऊस बरा" म्हणणाराही त्या काळात पास झाला असता! 2002 साली अंदाज होता 101 टक्के, पाऊस झाला 81. एल निनो त्या साली होताच. त्याचे वजन पुन्हा वाढले, आणि 2003 मध्ये खात्याने रीतच बदलली. आता कमी, सरासरी, जास्त अशा प्रत्येक पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतात. तीही साऱ्या देशाची किंवा मोठ्या भागाची. आपल्या बांधाची नव्हे.

शाळेत पर्जन्यमापक असेल, तर गुरुजी, नोंदवहीत अंदाजासाठी एक रकाना आखा. आणि तो पाऊस पडण्याआधी शाईने भरून घ्या.