टर्बो इंजिन : इंधन आणि ठिणगी

टर्बोचार्जर इंजिनात अधिक हवा कोंबतो. शक्तीबरोबर उष्णताही वाढते. मग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. हे ‘नॉकिंग’ पिस्टनला भोक पाडू शकते. १९६२ च्या अमेरिकन ओल्ड्समोबिल जेटफायर मोटारीत त्यावर उपाय म्हणून पाणी व मिथेनॉल फवारले जाई. पुष्कळ मालक त्याची टाकी भरीत नसत. मग दाबाला आळा बसे आणि शक्ती घटे. ठिणगी उशिरा पाडल्यानेही नॉकिंग टळते. पण निकास-वायू अधिक तापून टर्बोचे चक्र धोक्यात येते. म्हणून प्रवासात सर्वत्र मिळेल ते इंधन आधी ठरवावे, त्याच्या ऑक्टेनला सोसेल तेवढाच दाब ठेवावा आणि मगच ठिणगीची वेळ जुळवावी. केवळ उंची पेट्रोलवर बेतलेले इंजिन आडवाटेच्या पंपावर दगा देते.