आधी पंखा बंद करा, माइकचं नंतर बघू

"नवीन आहे, कोणता माइक घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो. उत्तराआधी माझी चूक ऐका.

चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, चिखलीच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनमध्ये रेकॉर्ड करायला बसलो. पंखा बंद करायला उठलो, तर आजी म्हणाली, "काऊन बंद करतं रे बाबू? किती उकडून राह्यलं!" म्हटलं, जाऊ दे, आवाज नंतर सॉफ्टवेअरनं काढू. इंजिनिअर ना मी! फोन ठेवला सहा फुटांवरच्या टेबलावर.

पुढच्या वर्षी आजी गेली. आता त्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा जवळ आहे आणि आजी लांब. नॉइज रिडक्शन वाढवलं की पंख्यासोबत आजीचे शब्दही पुसट होतात, कारण दोघांचे आवाज एकाच पट्ट्यात मिसळलेत.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी खोली: पंखा, कूलर, फ्रिज बंद. फरशी आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात. गोधड्या, गाद्या तो शोषतात. मग अंतर: फोन तोंडापासून वीत-दीड वीत, जरा बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ'ची फुंकर माइकवर येत नाही. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. मग पातळी: सगळ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. आवाज फाटला की नीट दुरुस्त होत नाही. फाइल वेव्ह, 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो. मिनिटाला जेमतेम 6 एमबी. शेवटी 30 सेकंद सगळे गप्प बसा. खोलीचा तो नमुना एडिटिंगला लागतो.

एवढं झाल्यावरही कमी वाटलं, तर कॉलरचा वायरवाला माइक घ्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यातल्या काही ध्वनिमुद्रित झाल्या. 'पारी'च्या संकेतस्थळावर आज त्या ऐकता येतात. ओवी वहीत उतरते हो, पण गळा उतरत नाही.

तुमच्या घरातली आजी आज बोलतेय ना? मग दहा मिनिटं पंखा बंद करा. उकडू द्या थोडं. भेटू पुढच्या भागात!