तिकिटांचा आल्बम कुणाच्या हाती द्यायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे, तेव्हा थोडक्यातच बोलायला हवे, हे आम्ही जाणतो.

आम्हां तिकीटवेड्यांना नेहमी विचारतात, "हल्लीची मुले पोस्टाची तिकिटे जमवतात का हो?" विचारणाऱ्याच्या सुरातच 'नाही' असते. आमचे उत्तर असे, की जमवतात. पण थोडी, आणि आपण जमवायचो तशी नाहीत.

आपल्याला तिकिटे घरबसल्या मिळत. खानदेशातून पत्र यायचे, पुण्या-मुंबईहून यायचे, एखाद्या घरी परदेशातूनही. पाकिटाचा कोपरा कापायचा, पाण्यात भिजवायचा, तिकीट सुटले की वहीत लावायचे. छंदाला पैसा लागत नसे. आज दारात येते ते कुरिअरचे पार्सल. त्यावर तिकीट कुठले? मुलांना गोडी नाही म्हणण्याआधी, त्यांच्या हाती तिकीट पडते कधी, हे पाहिले पाहिजे.

आता तिकीट मुद्दाम आणावे लागते. टपाल खात्यात २०० रुपये भरून फिलाटेलीचे ठेव खाते उघडले, की नवी तिकिटे घरपोच येतात. शिवाय २०१७ पासून 'दीनदयाळ स्पर्श' योजना आहे. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती, देशभरात मिळून ९२०. एका टपाल परिमंडळाच्या वाट्याला ४० येतात, म्हणजे अख्ख्या गुजरातला चाळीस! आकडा लहान आहे. पण त्यासाठी प्रश्नमंजुषा आणि तिकिटांवरचा प्रकल्प करावा लागतो. किती जमवली यापेक्षा काय समजले, हे तिथे महत्त्वाचे. आपण देशांप्रमाणे ढीग लावायचो. ही मुले पक्षी, रेल्वे, क्रिकेट असा एकेक विषय धरतात.

असा विषय आपल्या घरातही आहे. १९५६ मध्ये लोकमान्यांच्या जन्मशताब्दीचे तिकीट निघाले, १९६१ मध्ये शिवाजी महाराजांचे. १९५८ मध्ये महर्षी कर्व्यांचे निघाले, तेव्हा अण्णा शंभरीत होते आणि हयात होते! त्यांच्याशेजारी २००५ ची दांडीयात्रेची तिकिटे लावा. ती यात्रा १९३० मध्ये आपल्या सुरतेतूनच गेली. मराठी मुळे आणि गुजरातची माती एकाच पानावर आली, की नाही?

खरी काळजी पुढे आहे. जुनी घरे पडून फ्लॅट होत आहेत, मुले बंगळुरूला, नातवंडे त्याहून दूर. माळ्यावरचा आल्बम सामान हलवताना रद्दीत जातो. म्हणून तीन विनंत्या.

पहिली, जुन्या पाकिटांवरची तिकिटे आता कापू नका. पाकीट अखंड ठेवा. धुळे, अमळनेर, नंदुरबारचा शिक्का, तारीख आणि वर लिहिलेला सुरतेचा पत्ता, यांतून आपले कोण केव्हा इथे आले आणि कुठल्या गल्लीत राहिले ते कळते. आपल्या साध्या कुटुंबांचा हा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही.

दुसरी, भरलेला आल्बम नातवाच्या हाती एकदम ठेवू नका. भरलेल्या वहीत त्याला करण्यासारखे काही उरत नाही. दहा तिकिटे आणि एक कोरी वही द्या. निवड त्याला करू द्या, त्याने फुलपाखरे निवडली तरी. आणि "पुढे याचे लाखो येतील" असे सांगू नका. आपल्या काळातली रोजची तिकिटे कोट्यवधींनी छापली गेली. त्यांना बाजारात भाव फारसा नाही. पैशाच्या आशेने सुरू झालेला छंद पहिल्या दुकानदारापाशीच संपतो.

तिसरी विनंती सर्वांत सोपी. पत्र लिहा. पाकिटावर चांगले तिकीट लावून, मराठीत, नातवंडाच्या नावाने. फोनवर रोज बोलत असाल, तरीही लिहा. स्वतःच्या नावाचे पाकीट आले की मूल आधी तिकीट पाहते आणि मग अक्षर वाचायला बसते. आमच्या छंदाला एक भिडू मिळेल आणि मराठी वाचणारा एक वाढेल.

या वर्षी विसर्जनाआधी प्रत्येक घरातून असे एक पत्र पेटीत पडावे, एवढेच बाप्पाकडे मागतो.