चुन्याआडचा जांभा



जुन्या गोव्याचे बॉम जेझस चर्च आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १५९४ साली काम सुरू झाले आणि १६०५ साली ते उपासनेस खुले झाले. त्याची ती तांबडी, रांगडी दर्शनी भिंत पाहून माणूस जागीच थबकतो. किती प्राचीन रूप, असे आपण म्हणतो. पण मंडळी, हे रूप मूळचे नव्हेच! बांधणाऱ्यांनी जांभ्यावर चुन्याचा गिलावा चढविला होता. कोकणपट्टीचा पाऊस त्यांना ठाऊक होता, आणि जांभा पाणी किती पितो हेही. नक्षीसाठी तर त्यांनी वसईहून काळा दगड आणविला. पुढे १९५० नंतर, पोर्तुगीज अमदानीतच, इमारत अधिक जुनी दिसावी म्हणून तो गिलावा खरवडला गेला. जुन्या वास्तूला जुनेपण चिकटविण्याची ही हौस! तेव्हापासून दर पावसाळ्यात दगड झिजतो आहे. गिलावा पुन्हा द्यावा की नाही, यावर वाद आहे. द्यावा, असे माझे मत. तो तांबडा रंग मला प्रिय आहे, कबूल करतो. पण ज्या गवंड्यांची कारागिरी आपण वाखाणतो, त्यांनी तो झाकला होता.