नदीसुरय आणि चतुर

(कडा येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेले भाषण)



पावसाळा सरत आला म्हणजे कड्याच्या परिसरातील तळ्यांवर पिवळसर चतुर घिरट्या घालू लागतात. मुले त्यांच्या शेपटीला दोरा बांधून खेळतात. ‘पाण्यावर उडणारे प्राणी सांगा’ असे वर्गात विचारले, की बगळ्याच्या पंक्तीत चतुरही येऊन बसतो. उत्तर चूक नाही. परंतु वर्गीकरणाचा पाठ येथूनच सुरू व्हावयास हवा.

गोदावरीवरील नदीसुरय घ्यावा. चोच नारिंगी-पिवळी, शेपटी दुभंगलेली, विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी. त्यास पंख दोन, पाय दोन, आणि आत पाठीचा कणा. चतुरास पंख चार, पाय सहा. कणा मुळीच नाही, शरीराचा आधार बाहेरच्या कवचाचा. म्हणून पहिला पृष्ठवंशीयांच्या पक्षिवर्गात व दुसरा संधिपादांच्या कीटकवर्गात. केवळ उडतात म्हणून त्यांचे नाते जोडणे हे एका एस.टी.त बसलेल्यांना भाऊ ठरविण्यासारखे होय.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत नदीसुरय ‘असुरक्षित’ या सदरात आहे. तर पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा आपला नेहमीचा चतुर ‘किमान चिंता’ या सदरात. याचे कारण त्यांच्या वर्गात नसून विणीच्या जागेत आहे. नदीसुरय उन्हाळ्याच्या सुमारास पात्रातील उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. वाळू उपसली, धरणाचे पाणी अवेळी सुटले किंवा कुत्री फिरली, की वीण बुडाली. चतुराची अळी मात्र पावसाच्या डबक्यातही दीड-दोन महिन्यांत वाढते व तेथील डासांच्या अळ्या फस्त करते. शिवाय हा चतुर मोठा प्रवासी. भारतातून मालदीवमार्गे तो पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतो, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले.

‘पक्षी धोक्यात, कीटक सुखरूप’ असा नियम मात्र मुलांनी बांधू नये. गायबगळाही पक्षीच, आणि तोही ‘किमान चिंता’ याच सदरात आहे. तसेच नाथसागरावर सुरयांचा थवा दिसला म्हणून जात सुरक्षित ठरत नाही. यादी एका जलाशयावरून नव्हे, तर साऱ्या प्रदेशातील घट पाहून ठरते.

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पैठणची सहल फेब्रुवारीनंतर निघाल्यास मुलांस वाळूच्या उघड्या पट्ट्यांवर जाऊ देऊ नये. वाळूच्या रंगाची अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. चतुर तर शाळेजवळच मिळेल. त्याचे पंख व पाय मुलांकडून मोजवून घ्यावेत आणि दोरा न बांधता तो सोडून द्यावा.