समुपदेशक कोठून आणणार?



दहावीचे निकाल लागले की लातूर आणि नांदेड या दोन शहरांचे रूप पालटते. एस.टी.च्या गाड्यांतून गाद्या, पेट्या आणि पुस्तकांचे गठ्ठे उतरतात. खोलीचे भाडे, खानावळ आणि शिकवणीची फी यांची बेरीज करीत बाप रस्त्याच्या कडेला उभा असतो. ती बेरीज पुष्कळदा विकलेल्या बैलजोडीत किंवा गहाण टाकलेल्या जमिनीत जाऊन मिळते. 'लातूर पॅटर्न' या नावाने प्रसिद्धी पावलेल्या अभ्यासपद्धतीने मराठवाड्यातील कितीतरी मुलांना डॉक्टर आणि इंजिनियर केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या मुलाला यश मिळत नाही, ते त्या भाड्याच्या खोलीत रात्री कोणाशी बोलते? हा प्रश्न निकालाच्या जाहिरातीत कोठेच छापलेला नसतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याने मान खाली घालावी असाच तो आहे.

या प्रश्नाची दखल अखेर न्यायालयाला घ्यावी लागली. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या बंगालमधील १७ वर्षांच्या एका मुलीचा २०२३ साली मृत्यू झाला. तिच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. त्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा; त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत; गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत आणि त्यांना चारचौघांत अपमानित करू नये, असे त्यांत सांगितले आहे. शिकवणी वर्गही यातून सुटलेले नाहीत.

आदेश स्वागतार्ह आहे. पण किनवट, मुखेड, जळकोट किंवा देवणी येथील शाळेसाठी हा प्रशिक्षित समुपदेशक कोठून आणणार? अनुदानित शाळांच्या संचमान्यतेत मुख्याध्यापकाचा आणि शिक्षकांचा हिशेब होतो, समुपदेशकाचा होत नाही. पद नाही म्हणून शिकणारे नाहीत, आणि शिकलेले नाहीत म्हणून पद निर्माण करण्याची निकड नाही. हे दुष्टचक्र कोठेतरी तोडलेच पाहिजे.

ही मागणी नवी आहे, असेही नाही. मुदलियार आयोगाने १९५३ साली माध्यमिक शाळांतून मार्गदर्शनाची गरज सांगितली होती. कोठारी आयोगाने १९६६ साली मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले आणि निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी माफक शिफारस केली. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी झाली. मुलाच्या हाती कल सांगणारा कागद आला. त्या कागदावर त्याच्याशी तासभर बोलणारा माणूस मात्र आला नाही. चाचणी यंत्रावर घेता येते, पण ऐकून घेण्याचे काम यंत्राला देता येत नाही.

समुपदेशन म्हणजे चार गोड उपदेश, असा एक गैरसमज रूढ आहे. वास्तविक हे उपदेशाच्या उलट काम आहे. मुलाचे बोलणे मध्येच न तोडता ऐकणे, त्याने विश्वासाने सांगितलेले गुप्त ठेवणे, आणि गुप्तता कोठे मोडावीच लागते हेही जाणणे, या गोष्टी शिकाव्या लागतात. मूल जिवावर उदार झाले असेल तर गप्प राहता येत नाही. त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे ती माहिती कळविणे बंधनकारक आहे. परीक्षेची भीती कोणती आणि आजार कोणता, आपण काय करावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे, हा विवेक नुसत्या पुस्तकाने येत नाही. तो अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष मुलांमध्ये उमेदवारी करूनच येतो.

पदवीधराला आज याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, मानसशास्त्रातील किंवा समुपदेशनातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. दुसरा, एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची पदविका. या पदविकेसाठी महाराष्ट्रातील शिक्षक भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कक्षेत येतो. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या नांदेडच्या शिक्षिकेला भोपाळ किती दूर आहे, हे नकाशावरून कळणार नाही.

तिसरा मार्ग दूरशिक्षणाचा होता. तोही २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून बंद झाला. आरोग्यसेवेशी संबंधित म्हणून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरविले. टपालाने समुपदेशक घडत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण गरिबाचा मार्ग बंद करताना त्याच्या गावाजवळ दुसरा उघडावा लागतो. नाहीतर योग्य निर्णयाचाही परिणाम अन्यायाचा होतो. ज्यांना पुण्या-मुंबईत दोन वर्षे राहणे परवडते तेच समुपदेशक होतील, आणि ते जळकोटला येणार नाहीत.

आले तरी प्रश्न भाषेचा आहे. किनवट-माहूरकडच्या तांड्यावरील मुलीचे दुःख गोरमाटीत असते, देगलूरकडे ते तेलुगूत असते, नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यात दखनीत. आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून आजीजवळ राहिलेले मूल 'चिंता' हा शब्द वापरीत नाही. पोट दुखते म्हणून सांगते. इंग्रजी ग्रंथांवर आणि शहरी चाचण्यांवर पोसलेल्या माणसाला हे पोट समजेल काय?

लातूर जिल्ह्याने हा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा पुढे वैद्यकीय संशोधन परिषदेने अभ्यास करविला. अनाथ झालेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे केले. पथके येतात आणि जातात. मुलाला रोज भेटणारे, त्याची बोली बोलणारे माणूसच त्याला सावरते.

येथे समाजवादी चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. मनाचे दुखणे हे सुखवस्तूंचे चोचले आहेत, पोटाचा प्रश्न सुटला की ते आपोआप मिटेल, असे पुष्कळ कार्यकर्ते मानीत आले. हे चूक आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मुलाला कर्जही असते आणि मनही असते. उलट, समुपदेशनाचाही एक धोका आहे. फी, स्पर्धा आणि अपुऱ्या जागा यांतून आलेला ताण हा मुलाच्याच मनाचा दुबळेपणा ठरवून, त्याला अन्याय सोसण्याची सवय लावणे, हेच त्याचे काम होऊन बसेल. शिकवणीच्या मालकाने नेमलेला आणि त्याच्याच मर्जीवर राहणारा समुपदेशक मुलाला 'हा अभ्यासक्रम सोड' असे कसे सांगणार? म्हणून त्याला ज्ञानाइतकीच सेवेची शाश्वती हवी. मानधनावर, अकरा महिन्यांच्या करारावर, ज्याची स्वतःची झोप उडालेली आहे, तो दुसऱ्याला धीर देऊ शकत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. नांदेडच्या विद्यापीठाने शालेय समुपदेशनाचा दोन वर्षांचा नियमित पदव्युत्तर अभ्यासक्रम नांदेडला आणि आपल्या लातूरच्या उपपरिसरात, मराठीतून चालवावा. त्यात आठवड्यातील काही दिवस जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि वसतिगृहांत देखरेखीखालील उमेदवारी असावी. गावाकडच्या मुलामुलींना, विशेषतः शिकलेल्या पहिल्या पिढीला, विद्यावेतन मिळावे. सेवेतील शिक्षकांना पगारी रजा मिळावी. शासनाने संचमान्यतेत पद निर्माण करावे. लहान शाळांसाठी केंद्रशाळेची रचना राज्यात आहेच. कोठारी आयोगाच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक केंद्रामागे एक समुपदेशक नेमणे अशक्य नाही.

तोपर्यंत हाती असलेली साधने तरी प्रत्येक शाळेच्या आणि खानावळीच्या भिंतीवर लागावीत. १४४१६ हा 'टेलिमानस'चा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो मुलांना पाठ असला पाहिजे.

या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव दिले आहे. मुक्तिसंग्रामाचे नेते होण्यापूर्वी स्वामीजी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. आडगावात राहून तेथील मुलांना घडविणारा शिक्षक, हीच त्यांची पहिली ओळख. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने मराठवाड्याच्या खेड्यांसाठी असे शंभर समुपदेशक जरी घडविले, तरी भाड्याच्या खोलीतील त्या मुलाला रात्री बोलायला कोणीतरी मिळेल.